ऊसतोडीला गेलेलं पाणी

आत्याबाई,

दहाव्याच्या प्रवचनात महाराज म्हणाले की तुम्ही जन्मात कधी खोटं बोलला नाहीत. मंडपात मागं कुणीतरी खोकलं. मग आणखी कुणीतरी खोकलं. आपल्या गल्लीतल्या बायकांनी तोंडाला पदर लावले, आणि ते काही रडू आलं म्हणून नव्हे. महाराजांचा दोष नाही. त्यांना तुमची माहिती पाहुण्यांनी दिली होती, आणि पाहुणे मेलेल्या माणसाला धुऊन, इस्त्री करूनच पुढं करतात.

मी उभी राहिले आणि म्हणाले, "महाराज, तेवढं सोडून बाकीचं सांगा."

तुमचा मुलगा माझ्याकडं बघतच राहिला. चुलत सासरे पुटपुटले, "सुमन, दिवस कोणता आन बोलती काय." मी म्हटलं, "दिवस त्यांचाच आहे, म्हणून तर बोलते."

तुम्ही थापा मारायच्या. रोज मारायच्या, बसून मारायच्या, आणि लेकरांना मारायच्या. सून म्हणून या घरात आले तेव्हापासून मी हे तुमच्या तोंडावर सांगत आले, आता तुमच्यामागं ते लपवू? सत्यवचनी म्हातारी होऊन गेलात तर तुम्हाला कोण ओळखणार? माझं ज्या बाईशी भांडण आहे ती बाई बदलून दिलेली मला चालणार नाही.

त्याच मंडपात, पंगती उठल्यावर, संतोष माझ्याजवळ आला. आपल्या शेजारच्या श्रावणीचा चुलता. ऊसतोडीच्या टोळीवर ट्रॅक्टर चालवतो, तुमच्या मातीला पोचता आलं नाही म्हणून दहाव्याला आला होता. म्हणाला, "वहिनी, तेरावा झाला की श्रावणीला घिऊन जातो. वहिनीचा फोन आलता, तिच्या आईचा. म्हातारी गेली, आता पोरीला कोण बघायचं?"

श्रावणी दुसरीत आहे. दिवाळी झाली की तिचे आईबाप कारखान्याला जातात, आणि पोरगी तुमच्याजवळ आपल्या ओसरीत राहते. शाळेत हंगामात दोन वेळचं जेवण मिळतं, पण झोपायला घर लागतं आणि घरात माणूस लागतं. ते माणूस तुम्ही होतात. आता ती उसाच्या फडात गेली म्हणजे शाळा गेली. फडावर गेलेली पोर गुढीपाडव्याला परत येते तेव्हा वर्ग पुढं गेलेला असतो. पुढच्या वर्षी तिला कुणी विचारतही नाही, सरळ ट्रॅक्टरवर चढवतात. आणखी काही वर्षांनी तिच्या हातात कोयता असतो. हे तुम्हाला मी सांगायला नको, गावातल्या अशा पोरी तुम्ही माझ्याहून जास्त मोजल्या असतील.

"बघू," मी म्हणाले. मी "बघू" म्हणते तेव्हा माझं ठरलेलं असतं, हे तुम्हाला कळायचं. संतोषला काय कळणार.

पण मग तो म्हणाला, "पोरगीच मागं लागलीय. आजी न्हाई, करमत न्हाई, मला घिऊन जावा म्हणती." हे मात्र मला ठाऊक नव्हतं. संतोषशी मी भांडले असते. तिच्या आईशी फोनवर भांडले असते, मुकादमाशीही भांडले असते. सात वर्षांच्या पोरीच्या करमण्याशी कसं भांडायचं, हे काम या घरात तुमच्याकडं होतं.

आपलं पहिलं मोठं भांडण आठवतं? मला पक्कं आठवतं. माझी वैशाली तेव्हा चार वर्षांची असेल. त्या वर्षी मी पहिल्यांदा तिला मागं ठेवून कारखान्याला निघाले. तुमचा मुलगा आणि मी मिळून एक कोयता. नवराबायकोला मिळून एक कोयता म्हणतात, म्हणजे माणसं दोन आणि मोजायला हत्यार एक. ट्रक चावडीपुढं उभा, त्यात भांडी, पेटी, सरपण, शेळ्या, बायका. वैशाली तुमच्या कडेवर, ओठ काढलेला. ट्रक हलायच्या आधीच तुम्ही सुरू झालात.

"वैशे, तुजी आई कुटं चाललीय ठावं हाय का? तिकडं ऊस एवढा उच्च हाय, एवढा उच्च, की वरच्या कांड्याला ढग अडकून बसलेत. पाऊस कावून पडत न्हाई आपल्याकडं? ढग अडकलेत म्हणून. तुजी आई ते सोडवाया चाललीय."

मी ट्रकातून ओरडले, "आत्याबाई, खोटं नका सांगू तिला! ऊस तोडायला चाललेय म्हणून सांगा."

तुम्ही वर बघितलं आणि वैशालीला म्हणालात, "बघ, आतापासूनच ढगात गेलीय. खालचं ऐकू येत न्हाई तिला."

ट्रकभर बायका हसल्या. पोरगीपण हसली. मी हसले नाही. पाचटाच्या कोपीत राहायचं, थंडीत बोटं वळत नसताना पहाटेच्या काळोखात फडात उतरायचं, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढायचं. हे पोरीला कळलंच पाहिजे असं माझं म्हणणं होतं. कळलं तर तिला राग येईल, राग आला तर ती शिकेल. ढग सोडवणाऱ्या आईचा कुणाला राग येतो?

तुमचं म्हणणं वेगळं होतं. "खरं काय पळून चाललंय का? ते जल्मभर पुरंल तिला. थोडी मोठी तर होऊ दे." भाकरी थापता थापता म्हणायच्या. मान वर न करता.

मग तो दुष्काळ आला. आपल्या विहिरीनं दिवाळीआधीच तळ दाखवला. आम्ही त्या वर्षी लवकर गेलो, कारण गावात थांबून करायचं काहीच नव्हतं. माझ्यामागं काय झालं ते मी तुमच्याकडून, वैशालीकडून आणि गल्लीतल्या निम्म्या बायकांकडून इतक्यांदा ऐकलंय की आता मीच तिथं होते असं वाटतं.

वैशाली विहिरीच्या काठावर पोटावर पडून आत बघत होती. तुम्ही तिचा झगा धरून बसला होतात.

"आजी, पाणी कुटं गेलं?"

"ऊस तोडाया."

"पाणी ऊस तोडतंय व्हय?"

"मग! मुकादमाकडून उचल घेतली आन बसलं ट्रकात. या गावातलं समदंच कारखान्याला जातंय, पाणी काय येकटं मागं राहतंय? करमंल का त्याला?"

"मग कवा यील?"

"हंगाम सरला की. तुजी आई बी त्याच गाडीत यील."

तुमच्या सगळ्या थापांमध्ये मला हीच एक मान्य होती. पाणी उसाकडंच जातं, हे सोसायटीच्या बैठकीत कुणी एवढ्या स्वच्छ शब्दांत बोललेलं मी ऐकलं नाही. पण सभासदांनी ऐकायची गोष्ट तुम्ही पाच वर्षांच्या पोरीला सांगितलीत.

उन्हं तापायला लागली आणि गावात टँकर सुरू झाला. टँकर विहिरीत पाणी सोडतो, मग बायका ते शेंदून घेतात. वैशालीनं पहिल्यांदा बघितलं की गाडी आली आणि गाडीतून पाणी उतरलं. तिनं हिशेब केला. पाणी आलं म्हणजे आई आली. ती टँकरच्या चारी बाजूंनी फिरली. केबिनमध्ये वाकून बघितलं. सगळ्या बायका घागरी, हंडे घेऊन पाण्यावर तुटून पडलेल्या, तुम्हीही त्यातच. टँकर रिकामा करून ड्रायव्हर निघाला, आणि पोरगी त्याच्यामागं धावत सुटली. "थांबवा, आमची आई उतरायची राहिली!"

दिंद्रुडच्या रस्त्याला लागेपर्यंत ती धावली. शेळ्या राखणाऱ्या एका म्हाताऱ्यानं तिला खांद्यावर घालून परत आणलं. तळपायांना फोड आलेले. तुम्ही तिच्या पायांना लोणी लावून रात्रभर बसलात असं बायका सांगतात. तुम्ही स्वतः मला ते कधी सांगितलं नाहीत.

पाडव्याला मी परत आले आणि उंबऱ्यातच ऐकलं. पेटी खाली ठेवायच्या आधी मी तुमच्यावर धावून आले. "तुमच्या थापेनं माझी पोर टँकरमागं पळाली. गाडीखाली आली असती म्हणजे?"

तुम्ही माझ्या हातातली पेटी घेऊन खाली ठेवलीत. मग म्हणालात, "माज्या थापंनं न्हाई पळाली ती, सुमे. तुज्या आठवणीनं पळाली."

मी पोरीला मांडीवर घेऊन तिचे तळपाय बघितले. त्या वर्षी मी कोयता माळ्यावर टाकला तो परत काढला नाही. पुढच्या हंगामाला तुमचा मुलगा चुलत भावाबरोबर गेला, आणि त्यानंतर तोही थांबला. गल्लीत लोक म्हणतात, म्हातारीच्या एका वाक्यानं सुमनचा कोयता सुटला. मी हे मानत नाही. मी पोरीचे तळपाय बघितले म्हणून थांबले. वाक्यं काय, तुमच्याकडं पोत्यानं पडलेली असायची.

आणि त्या वाक्याला आज उत्तर देते. पोर माझ्या आठवणीनं पळाली, खरं आहे. पण कोणत्या गाडीमागं पळायचं ते तुम्ही सांगितलं होतं. हे सुचायला मला इतकी वर्षं लागली, आणि सुचलं तेव्हा ऐकायला तुम्ही नाही. शेवटचा शब्द आपला ठेवून जायचं, ही तुमची जुनी खोड.

त्यातही गंमत बघा. दहाव्याला आलेल्या वैशालीला मी विचारलं, ते पळणं आठवतं का? म्हणाली, "आई, पळालेलं अजिबात आठवत नाही. फोडही आठवत नाहीत. पाणी ट्रकात पुढच्या सीटवर बसलंय, आणि खिडकीतून थोडं थोडं सांडतंय, एवढं डोळ्यांपुढं येतं." ती आता परळीला नर्स आहे, दिवसभर सुया टोचते. मला त्या उत्तराचा राग आला. अजून आहे.

मी गावात थांबले तेव्हा काम शोधणं भाग होतं. बायकांची दूध संस्था निघायची होती, आणि तिथं दूध मोजायला दहावी पास बाई हवी होती. संस्थेचे होणारे चेअरमन आपल्या घरी आले. मी चहा टाकला. तेवढ्यात वैशाली बाहेर आली आणि त्यांना म्हणाली, "तुमच्या आधी आमचा सर्जा चेअरमन व्हता."

चेअरमन म्हणाले, "सर्जा कोण?"

"बैल."

मला वाटलं भुई फाटावी. तुम्ही मात्र अडकित्ता बाजूला ठेवून सावकाश सांगितलंत, "खरं हाय भाऊसाहेब. बिनविरोध निवडून आलता. पाच वर्षं एक शबूद बोलला न्हाई, म्हणून टिकला."

ते एवढे हसले की चहा बशीत सांडला. जाताना म्हणाले, उद्यापासून या. तुमच्या मते मला ते काम सर्जामुळं मिळालं. माझ्या मते दहावीमुळं. हे भांडण चालूच आहे. आता मी त्या संस्थेची सचिव आहे, आणि तरी तुम्ही मागच्या महिन्यापर्यंत लेकरांना सांगत होतात की आमची सुमन बैलाच्या वशिल्यानं लागली.

तुमच्या डाव्या हाताच्या करंगळीचं वरचं पेर नव्हतं. लेकरांना त्याच्या किती गोष्टी सांगितल्यात. गोदावरीतल्या सुसरीनं नेलं. निजामाच्या शिपायानं मोहोर म्हणून ठेवून घेतलं. शेवग्याच्या शेंगेबरोबर चुकून आमटीत गेलं, आणि आजोबांनी ते "शेंग चांगली शिजली न्हाई" म्हणत चोखलं. खरं मला तुमच्या बहिणीकडून कळलं. मोठ्या दुष्काळात तुम्ही पोरवयात खडी फोडायला होतात, हातोडा बोटावर आला, चिंधी बांधून तुम्ही दुपारून पुन्हा फोडायला बसलात. मी तुम्हाला विचारलं, हे का नाही सांगत लेकरांना? तुम्ही म्हणालात, "सांगितलं तर बोट उगवतंय का?" आणि त्याच संध्याकाळी ओसरीत बसून पोरांना सांगितलंत की बालाघाटाचा डोंगर आधी आभाळाला टेकलेला होता, तुम्ही फोडून फोडून तो एवढासा केला.

एक गोष्ट मी कधी बोलले नाही. बोलले असते तर तुम्ही चढून बसला असतात. दिवेलागणीला लेकरं रस्त्याकडं बघतात. दिवसभर खेळतात, भांडतात, शाळेत जातात, पण बाकीच्या घरांतल्या आया शेतातून परत यायला लागल्या की ज्यांच्या आया कारखान्याला आहेत ती लेकरं गप्प होतात आणि रस्त्याकडं तोंड करून बसतात. तुम्ही थाप सुरू करायच्या ती बरोबर त्याच वेळेला. ताप असला तरी, कंबर धरली असली तरी, माझ्याशी नुकतंच कडाक्याचं भांडण झालेलं असलं तरी. आणि रस्त्याकडं पाठ करून बसायच्या, म्हणजे लेकरांना तुमच्याकडं बघायचं तर रस्ता दिसायचाच, पण तुमच्या डोक्याच्या आडून, थोडा थोडा. मी डेअरीवरून येताना हे रोज बघायचे. मला वाटायचं, म्हातारीला हे कुणी शिकवलं असेल? मग वाटायचं, हातात हातोडा येण्याआधी खडीवर गेलेल्या आईची वाट बघत तुम्हीही कुठंतरी बसला असाल. विचारलं नाही. विचारलं असतं तर काहीतरी थापच मारली असतीत.

तेरावा झाला. पाहुणे गेले, मंडप निघाला. संध्याकाळी संतोष ट्रॅक्टर घेऊन दारात आला. श्रावणी दप्तर आणि कपड्यांची पिशवी घेऊन ओसरीत तयारच बसली होती.

मी म्हणाले, "पोरगी कुठं जाणार नाही."

"वहिनी, तुमी दिवसभर डेअरीवर."

"दिवसभर ती शाळेत. सकाळी मी उठवीन, रात्री माझ्याजवळ झोपेल. हिच्या आईशी मी फोनवर बोललेय. ती म्हणाली, पोरगी राहत असली तर राहू द्या."

"राहत असली तर ना," संतोष म्हणाला. "राहती का विचारा. म्हातारीगत गोष्टी तरी येत्यात का तुमाला?"

"नाही येत. भाकरी येते, पाढे येतात."

श्रावणी खाली मान घालून बसली होती. मी तिच्यासमोर टेकले. ती म्हणाली, "काकू, आजी कुटं गेली?"

मी आयुष्यभर लेकरांना खरंच सांगायचं म्हणत आलेली बाई. म्हणाले, "मेली, बाळा."

"ते मला ठावं हाय," ती चिडून म्हणाली. "मी बघितलं की. पण कुटं गेली?"

संतोषनं ट्रॅक्टर बंद केला. समोरच्या घरातली बाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन आली, तिची पोरं तिला चिकटली, आणि श्रावणीची नजर तिकडं गेली. मी सरकले आणि रस्त्याकडं पाठ करून बसले. मला दुसरं काही सुचलं नाही.

"न्यायला यम आला होता," मी म्हणाले.

"कशावर?"

"रेड्यावर. आजीनं रेडा बघितला आणि म्हणाली, आधी याला आमच्या सुमनच्या डेअरीवर न्या. दूध किती, फॅट किती, ते कळल्याशिवाय मी बसायची नाही."

"वहिनी," संतोष म्हणाला, "रेडा काय दूध देतो व्हय?"

"नाहीच देत. यम पण हेच सांगत होता. म्हणूनच तर भांडण झालं."

श्रावणीनं मान वर केली. "आजी म्हणली आसंल, मग म्हैस घिऊन या."

"हो, तेच म्हणाली. मग यम निघाला दिंद्रुडच्या बाजाराला. रेडा विकायचा आणि म्हैस घ्यायची."

"बाजार तर परवा हाय," संतोष म्हणाला.

"मग बसेल परवापर्यंत. त्याला काय घाई आहे?"

"आन आजी?" श्रावणीनं विचारलं.

"आजी इथंच. पान लावत बसलीय."

"मग म्हैस मिळाली का?"

मला पुढचं येत नव्हतं. खरंच येत नव्हतं. म्हणाले, "पुढचं उद्या. आधी गृहपाठ काढ."

ती माझ्याकडं बघत राहिली, दुधात पाणी आहे का हे मी बघते तसं. मग म्हणाली, "आजीची थाप याच्याहून लई लांब असायची." तरी दप्तर उघडलं. पिशवी तशीच बाजूला पडून होती. थोड्या वेळानं संतोषनं ती उचलली, आत नेऊन खुंटीला अडकवली, आणि ट्रॅक्टर चालू करून गेला.

तुम्ही जिंकलात असं समजू नका. तिची आई कुठं आहे ते मी श्रावणीला खरं सांगितलंय. फडात आहे, थंडी लई आहे, हातांना चिरा पडल्यात, आणि तुला यातलं काही करावं लागू नये म्हणून तू इथं आहेस. तिला रडू आलं, मग राग आला. मला तो राग हवा होता. जिवंत माणसांचं या घरात खरंच सांगितलं जाईल. थाप फक्त तुमच्यापुरती. एवढी सवलत तुम्हाला देते, यापुढं नाही.

बाकी खबर अशी की यमाला म्हैस अजून मिळालेली नाही. पहिल्या बाजारात भाव जुळला नाही, दुसऱ्यात म्हैस मारकी निघाली. आता श्रावणीच्या वर्गातली आणखी तिघं दिवेलागणीला येऊन बसतात आणि यमाला सल्ले देतात. आईबाप पाडव्याला परत येतील. तोवर सौदा होणार नाही हे मी बघते, आणि तोवर तुम्ही ओसरीतून हलायचं नाही.

सुमन